पाण्यावरचा बुधवार

कांती, तू गेलास यावर गावात कोणाचा विश्वास बसेना, आणि त्याला कारण मी.

तुझ्या थोरल्या भावाने, मोटाभाईंनी, सकाळीच निरोप धाडला की मध्याला म्हणावं रिक्षा फिरव. आपल्या अक्कलकुव्यात माणूस गेला की माझी भोंग्याची रिक्षा गल्लोगल्ली फिरते. कितीतरी जणांच्या अंत्ययात्रेला तू माझा आवाज ऐकूनच चपला पायात सरकवल्यास. मी माईक घेतला, तुझं नाव घेतलं आणि हायवेच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्या गोविंदाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाला, "काय मधूभाऊ, परत दुकान काढं का कांतीशेठनी?"

माझ्या भोंग्यावर तुझं नाव म्हणजे तुझं नवं दुकान. गावाच्या कानाला हे इतकं बसलेलं की पुढचे शब्द कोणी ऐकेनात. किराणा गल्लीत दोघं हसले. एकाने तर विचारलं, "आते काय? सोनानं का?" चाळीस वर्षं मी याच भोंग्यातून थापा मारल्या आणि लोकांनी त्या गोड मानून घेतल्या. एकदाच खरं बोललो, तर थट्टा समजले. शेवटी रिक्षा थांबवली, खाली उतरलो आणि माईक न घेता एकेकाच्या समोर उभा राहून सांगितलं. "गया रे तो. खरंच गया." माझा साधा आवाज कसा असतो ते गावाने पहिल्यांदा ऐकलं. मीही बहुतेक पहिल्यांदाच.

तू असतास तर गोविंदाच्या चहाच्या बाकावर बसून पोट धरून हसला असतास.

पहिलं दुकान चपलांचं होतं. मी रिक्षातून सांगत होतो, "इथली चप्पल घालून तळोद्याचा एक माणूस द्वारकेला चालत गेला. माणूस झिजला, चप्पल नाही झिजली." गर्दी अशी लोटली की पोलिसांना दोर बांधावा लागला. आता इथे तू मला अडवायचास. "पोलीस कथा व्हतात रे? एक होमगार्ड व्हता, तोबी चप्पल लेवाले उनता." बरं, होमगार्ड. पण गर्दी होती की नाही? त्या गर्दीचं तू काय केलंस ते सांग. डोंगरातून आलेल्या माणसाचा पाय हातात घेऊन बघितलास आणि म्हणालास, "ही नको घेऊ भाऊ, उतारावर हिचा अंगठा टिकणार नाही. तुझी जुनीच शिवून घे, मोची तिकडे पिंपळाखाली बसतो." गर्दी माझी, दुकान तुझं आणि धंदा मोच्याचा.

मग भांड्यांचं. मी म्हणालो, "या पातेल्यात नुसतं पाणी ठेवा, वरण उतरवा." बायका आल्या. तू त्यांना जुन्या पातेल्याला नवं बूड कोण बसवून देतो त्याचा पत्ता दिलास. मग तयार कपड्यांचं. शाळा उघडायच्या आधी आया पोरांना घेऊन आल्या, आणि तू प्रत्येकीला सांगितलंस की दोन माप मोठं घे, पुढची दोन वर्षं यायला नको. गिऱ्हाईक परत येऊ नये अशी पक्की व्यवस्था करणारा दुकानदार मी त्रिखंडात दुसरा बघितला नाही. आणि पाटी प्रत्येक वेळी तीच. जुन्या अक्षरांवर रंग, रंगावर नवी अक्षरं. शेवटी रंगाच्या थरांनी ती पाटी इतकी जड झाली की उतरवायला क्रेन बोलवावी लागली.

क्रेन नव्हती. तूच म्हणाला असतास. आता मलाच म्हणावं लागतंय.

मारवाड्याच्या पोराला धंदा जमत नाही म्हणजे मगरीला पोहता येत नाही, असं गाव म्हणायचं. तुझ्या घरात कोणी काही बोलायचं नाही, आणि तेच तुला जास्त लागायचं. मोटाभाईंनी तुला आपल्या पेढीत मागच्या बाजूला एक स्टूल दिलं, पोत्यांजवळ, जिथून गिऱ्हाईक दिसणार नाही आणि गिऱ्हाइकाला तू दिसणार नाहीस. मग सासऱ्यांनी खांडबाऱ्याला बोलावलं, म्हणाले आमच्या गल्ल्यावर बसून शिका. काही महिन्यांत त्यांनी तुला स्टेशनवर आणून सोडलं, हातात पेढ्यांचा बॉक्स देऊन. मी तुला घ्यायला आलो होतो. गाडीची वाट बघत फलाटावर आपण दोघांनी ते पेढे संपवले. तू म्हणालास, "पेढा चांगला शे." एवढंच. मग बोटं रुमालाला पुसलीस आणि विचारलंस, "आते पुढलं काय लावू?"

हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. दर वेळी शटर खाली आलं की दुसऱ्या दिवशी तू बाकावर यायचास, अर्धा चहा प्यायचास आणि विचारायचास. रडला नाहीस, कोणाला शिव्या घातल्या नाहीस, मला तर नाहीच. कधीकधी वाटायचं की घालाव्यास. आपलं भांडण तेवढं चालायचं. मी म्हणायचो, "गर्दी मी आणतो, तू परत धाडतोस." तू म्हणायचास, "तू बोलस ते दुकानमा ऱ्हास नही. लोके येतस, देखतस, जातस." कोण बरोबर ते काही ठरलं नाही.

मग तू डोंगरातल्या आठवडी बाजारांत पाल टाकायला लागलास. तिथेही जुन्या व्यापाऱ्यांनी तुला शेवटच्या कडेला जागा दिली, जिथे बैल बांधतात. विक्री नाही म्हणून तू दिवसभर माणसं बघत बसायचास. मी म्हणायचो, "बैलांना काय विकतोस?" तू हसायचास. तिथे तू काय बघत होतास ते मला फार उशिरा कळलं.

आणि एक दिवस म्हणालास, "आते पाणीमा लावस."

"पाणीमा कोन दुकान लावस रे?"

"जठे दुकान नही, तठे."

नर्मदेवरच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा मणिबेलीकडची काठावरची गावं बुडाली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही लोक खाली सपाटीला गेले. जे राहिले ते वर डोंगरावर सरकले, या टेकडीवर चार घरं, त्या टेकडीवर सहा. मधे पाणी. मीठ-तेलाला मोलगीच्या बाजारापर्यंत चढून जायचं. तू वेस्ता नावाड्याची मशीनची होडी ठरवलीस. मीठ, गूळ, तेल, साबण, टॉर्चचे सेल, बांगड्या भरल्यास आणि मी तिकडे माईकला नवा सेल घालून बसलो. डोक्यात जाहिरातही तयार होती, अशी की ऐकून मगरींनी साबण मागितला असता.

तू म्हणालास, "या टायमाले भोंगा नको."

मी म्हणालो, "भोंगा नाही तर मी नाही."

तू म्हणालास, "बरं."

कांती, माणसाने जरा आग्रह करायचा असतो. एवढ्याशा "बरं"वर मी रुसलो आणि तुझी होडी बघायला कधी आलोच नाही. गावाला सांगितलं की मला पाण्याची भीती वाटते, लहानपणी तापीत मला मगरीने नेलं होतं आणि माझी बडबड ऐकून परत आणून सोडलं. लोकांनी ऐकून घेतलं. तू पण ऐकलंस आणि त्या दिवशी मला अडवलं नाहीस.

होडीही चालली नाही. एक अख्खा हंगाम तू टेकडी-टेकडीला होडी लावायचास, अगदी उंबऱ्याशी मीठ घेऊन जायचास. लोक खाली यायचे, बघायचे, तुला पाणी द्यायचे, आणि काही न घेता वर जायचे. मग त्याच आठवड्यात तीच माणसं दिवस मोडून मोलगीला जायची आणि तोच साबण तिथून आणायची. वर तू जैन. काठावर राहणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं, तर गळ आणि जाळ्याचा दोरा. आणि तू म्हणायचास, "ते सोडून काहीही मागा." सुकत घातलेल्या माशांच्या वासात नाकाला रुमाल न लावता बसायचास, पण दोरा काही ठेवला नाहीस. मी बाकावर म्हणायचो, "समुद्रावर दुकान टाकून मीठ विकतोय."

तुला उत्तर दिलं ते एका टेकडीवरच्या ठुमलीने. तिची कहाणी तू मला इतक्यांदा सांगितलीस की त्या म्हातारीचा चेहरा मी न बघता ओळखला असता. तू तिला विचारलंस, "आई, मीठ दारात आणलं, तरी तू डोंगर चढून का जातेस?" ती हसली. म्हणाली, "घरात बसून कोणी बाजार करतं का?" मग म्हणाली, माझी बहीण समोरच्या डोंगरावर आहे. पाणी नव्हतं तेव्हा मधे नाला होता, मी इकडून हाक मारली की ती तिकडून ओ द्यायची. आता ती मला फक्त मोलगीच्या बाजारात भेटते. मीठ काय, संपलं नसलं तरी आणते.

त्या दिवशी बाकावर बसून तू म्हणालास, "लोके बाजारले जातस मध्या, दुकानले नही." अंगावर चांदी घालून जातात, धुतलेलं लुगडं नेसून जातात, दिलेल्या लेकी भेटतात, सोयरिकी जुळतात, कोण आजारी, कोण गेलं ते तिथे कळतं. बैलांजवळ बसून तू हेच बघत होतास. आपण काय, दुकान काढत होतो. त्यांचा बाजार बुडाला होता.

मग तू उंबऱ्या-उंबऱ्याशी जाणं बंद केलंस. मधोमध पाण्यातून वर आलेलं एका टेकडीचं टोक धरलंस, सगळ्या पाड्यांवरून दिसेल असं. दर बुधवारी तिथे होडी लावायची, मोठी लाल छत्री उघडायची आणि बसायचं. तू बसायचास. कोणी यायचं नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. वेस्ता होडीत झोपायचा. मोटाभाईंनी स्टूल पुसून ठेवलं. गोविंदासुद्धा म्हणायला लागला की कांतीशेठ पाण्याला ध्यान लावायला जातो. तू बुधवारी जायचास, गुरुवारी बाकावर अर्धा चहा, आणि "आते पुढलं काय लावू" हे मात्र त्या वेळी तू विचारलं नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि मग, कांती, तू थाप मारलीस. जन्मात पहिल्यांदा. ठुमलीच्या टेकडीला जाऊन सांगितलंस, "आई, तुझी बहीण बुधवारी छत्रीपाशी येणार आहे." तिथून समोरच्या डोंगराला जाऊन बहिणीला सांगितलंस, "तुझी ठुमली बुधवारी छत्रीपाशी येणार आहे."

बुधवारी दोन्हीकडून दोन लाकडी होड्या निघाल्या. दोन्हींत चांदी चमकत होती. त्या दोघी खडकावर बसल्या आणि सूर्य डोंगराला टेकेपर्यंत बोलत होत्या. जाताना प्रत्येकीने मुठीएवढं मीठ घेतलं. पुढच्या बुधवारी त्यांच्याबरोबर सुना आल्या. मग सुनांची माहेरं आली. मग आमचूर आला, डिंक आला, मोहाची फुलं आली, कोंबड्या आल्या. होळीच्या आधीच्या बुधवारी तर म्हणे इतक्या होड्या लागल्या की पाणी दिसेना, लोक होड्यांवरून चालत या डोंगरावरून त्या डोंगराला गेले. हे माझं वाक्य नाही, वेस्ताचं आहे. त्यालाही सवय लागली बघ.

मोटाभाईंनी त्या वर्षी आपल्या हाताने तुझ्या होडीत गुळाच्या भेल्या चढवल्या. तू मला ते सांगताना चहा पूर्ण प्यायलास.

मी तेव्हापासून एकच मागत होतो. कबूल कर, की ही थाप तू माझ्याकडून शिकलास. तू म्हणायचास, "थाप नही ती. दोन्हीजनी उन्यात. मग थाप कशी?" मी म्हणायचो, "सांगितलंस तेव्हा ती थाप होती." तू म्हणायचास, "तुन्हा थापा वाऱ्यावर जातस. मन्ही जमिनवर उतरनी." वाद तसाच राहिला. तू जायच्या आदल्या आठवड्यातही आपण त्याच्यावरच थांबलो होतो, कारण तुला भाभीने जेवायला हाक मारली. दिवस मावळायच्या आत जेवायचं तुझं व्रत. तू उठलास, आणि जाता जाता म्हणालास, "चाल एक दिन मन्हासंगे. तठे लोके तुन्ही वाट देखी ऱ्हायनात."

मी म्हणालो, "जा रे, मला नको थापा मारू."

कांती, माझं शेवटचं बोलणं ते आहे.

तिसऱ्या दिवशी कमलाभाभीने मला बोलावलं. डोळे सुकलेले होते, आवाज कामाचा होता. "भाऊजी, बुधवार येतोय. तिकडे फोन लागत नाही. लोक येऊन वाट बघतील. कोणीतरी जाऊन सांगायला पाहिजे." मी इकडे-तिकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगायचं काम तुमचंच ना."

मोलगीच्या पुढे घाट उतरतो तिथे जुना रस्ता सरळ पाण्यात शिरतो. डांबर, कडेचे पांढरे दगड, आणि मग पाणी. वेस्ता तिथे होडी घेऊन थांबला होता. माझ्या मागे तू उतरतोस का ते बघत होता. मी त्याला सांगितलं. हातातला होडीचा दोर त्याने परत दगडाला गुंडाळला. मग म्हणाला, "छत्री उघडू का नको?"

मी म्हणालो, "उघड."

होडीत मी घट्ट धरून बसलो होतो, कारण मला खरंच पाण्याची भीती वाटते. मगरीचं सोड, पाण्याचं खरं आहे. तू जिथे बसायचास तिथली फळी झिजून गुळगुळीत झालेली आहे. मी तिच्यावर बसलो नाही, बाजूला बसलो. हातात बॅटरीचा लहान भोंगा होता. इतकी माणसं, मोकळी जागा, समोर डोंगर. अशा जागेसाठी कुठलाही भोंगेवाला जीव टाकेल.

छत्री दिसली तशा होड्या निघाल्या. चारी बाजूंनी. तू सांगायचास तेव्हा मला वाटायचं की संगतीचा परिणाम, तू पण वाढवून सांगायला लागलास. कांती, तू कमी सांगत होतास. पोरी नटलेल्या, म्हातारे पागोटी बांधून, कोणाच्या मांडीवर कोंबडा, कोणाच्या डोक्यावर आमचुराची टोपली. येताना सगळे हसत होते. जवळ येऊन छत्रीखाली बघायचे आणि हसू थांबायचं. मला भोंग्याचं बटण दाबता येईना. तसाच बोललो, त्या साध्या आवाजात. "शेठ नाही आला. शेठ गेला." वेस्ताने त्यांच्या बोलीत सांगितलं.

आणि त्यांनी मानलं. पहिल्याच शब्दाला. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं ना.

कोणी परत गेलं नाही. जे जिथे होते तिथे खाली बसले. या डोंगरावरचे त्या डोंगरावरच्यांजवळ जाऊन बसले. बायकांनी आपल्या रीतीने सूर धरला. मी कडेला उभा होतो, तुझ्या त्या बैलांच्या जागेवर. इतक्या माणसांत मला बोलायला एक माणूस नव्हतं. जे बघत होतो ते ज्याला सांगायचं, आणि ज्याने म्हणायचं की इतक्या होड्या नव्हत्या रे, तोच नव्हता.

मग एक म्हातारी उठून आली. ठुमली. कोणी न सांगता मी ओळखली. ती माझ्या हातातल्या भोंग्याकडे बघत होती. काहीतरी बोलली. वेस्ता म्हणाला, "विचारते, तू तो भोंगावाला का?"

मी म्हणालो, "हो. तिला कसं माहीत?"

वेस्ता म्हणाला, "शेठ सांगायचा सगळ्यांना. अक्कलकुव्याला माझा दोस्त आहे. तो बोलला की चारी डोंगर उत्तर देतात. बुधवारी येणार आहे. ही दर बुधवारी विचारायची, आला का? शेठ म्हणायचा, पुढच्या बुधवारी."

म्हणजे त्यांना येणार म्हणून सांगितलंस आणि मला वाट बघतात म्हणून सांगितलंस. दोन्हीकडे सांगितलंस. तीच रीत. दोन म्हाताऱ्या तुझ्या एका शब्दावर होडीत बसल्या, आणि मी, ज्याने आयुष्यभर गावाला आपलं ऐकायला लावलं, मी म्हणालो, जा रे.

मी खडकावर बसलो. ठुमली शेजारी बसली. तिची बहीण पलीकडे. ठुमलीने मला कोपराने ढोसलं आणि वेस्तामार्फत विचारलं, "पुढच्या बुधवारी येतोस ना?"

मी म्हणालो, "आई, मला दुकान येत नाही."

ती म्हणाली, "शेठला कुठे येत होतं?"

वेस्ता हसला. मग बहीण हसली. मीही हसलो असेन, कारण एक पोरगी घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होती. निघताना एका माणसाने हळूच सांगितलं, पुढच्या वेळी गळ आणि दोरा आण, शेठ आणायचा नाही. मी त्याला सांगितलं की ते सोडून काहीही माग.

आज मंगळवार. होडीसाठी गूळ, मीठ, सेल काढून ठेवले. मोटाभाईंनी स्वतः तोलून दिलं. बाकावर तुझ्या जागेवर कोणी बसत नाही. गोविंदा सवयीने अर्धा चहा जास्त ओततो आणि मग तो मलाच प्यावा लागतो. आज त्याला सांगितलं की पाण्यावर इतक्या होड्या होत्या की डोंगर हलत होते, आणि थांबलो. तो "हां हां" म्हणाला आणि कप धुवायला लागला. अडवत नाही रे कोणी. जे बोलतो ते तसंच हवेत राहतं.

तर ऐक. उद्या जातोय. आणि भोंगा नेतोय, मोठा, रिक्षावरचा. तुझं नाव घेणार आहे, चारी डोंगरांना ऐकू जाईल असं, आणि जे जे खरं आहे त्याच्या दुप्पट सांगणार आहे.

नको असेल तर उठ आणि सांग.